ग्रहणाची घटका आणि ताऱ्याचे वजन



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी गणिताचे अध्यापक होते, आणि गणिताच्या अध्यापकाच्या नावे होणाऱ्या व्याख्यानात वक्त्याने थोडे आकडे सांगितले तर श्रोते त्याला क्षमा करतील, एवढ्या एकाच भरवशावर मी आजचा विषय मुकरर केला. विषय असा की, आकाशातील पुष्कळ तारे जोडीने राहतात. अशा काही जोड्यांत एक तारा अत्यंत घन व लहान असून तो आपल्या सोबत्याचे द्रव्य स्वतःकडे ओढून घेतो. त्या पडणाऱ्या द्रव्यातून क्ष-किरण उत्पन्न होतात. आणि जोडीची कक्षा आपल्या दृष्टिरेषेशी पुरेशी जुळलेली असली म्हणजे मोठा तारा फिरत फिरत लहान्याच्या आड येतो व त्या क्ष-किरणांना नियमाने ग्रहण लागते. या घन ताऱ्यांकडे नुसत्या डोळ्यांनी पाहून काही दिसत नाही, त्यांचे क्ष-किरण जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत, आणि कोणाच्याही जन्मपत्रिकेशी त्यांचा काडीइतका संबंध नाही. तेव्हा पनवेलच्या सभागृहात त्यांची वार्ता कशासाठी, अशी शंका कोणाला आली तर ती अगदी रास्त आहे.

तिचे समाधान करण्यासाठी या जिल्ह्याची हद्द ओलांडण्याचेही कारण नाही. मुरूडकडील नांदगावी पंधराव्या-सोळाव्या शतकांत केशव दैवज्ञ आणि त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ हे पितापुत्र होऊन गेले. केशवांनी स्वतः वेध घेऊन, जुन्या ग्रंथांतून निघणारी ग्रहांची स्थाने आणि प्रत्यक्ष आकाशात दिसणारी स्थाने यांतील अंतर तपासले. आणि गणेशांनी शके १४४२ हे आरंभवर्ष धरून ‘ग्रहलाघव’ हा असा सुटसुटीत करणग्रंथ रचला की, महाराष्ट्रातील पंचांगे त्यानंतर तीनशेहून अधिक वर्षे त्याच्याच आधारे तयार होत राहिली. पण कोणत्याही गणितात राहिलेला अल्पसा दोष काळाबरोबर साचत जातो, आणि एकोणिसाव्या शतकात पंचांगातली ग्रहणाची घटका व आकाशातली घटका यांचा मेळ बसेनासा झाला, तेव्हा अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ सिद्ध करून नव्या मानांचा पाया घातला. हे केरूनाना तरुणपणी ज्या कुलाबा वेधशाळेत होते ती १८२६ साली स्थापन झालेली. तिच्यातील चुंबकीय उपकरणांना मुंबईच्या विजेच्या ट्रामगाड्यांचा उपसर्ग होणार असे दिसताच ते काम १९०४ साली अलिबागला हलविण्यात आले. आणि त्या परंपरेची वारस असलेली भारतीय भूचुंबकत्व संस्था आज आपल्या नवीन पनवेलात, कळंबोलीच्या महामार्गालगत, नांदते आहे. तिचा संबंध माझ्या विषयाशी दोन ठिकाणी येतो, ते पुढे निघेलच.

आता मूळ कथेकडे वळतो. १९६२ च्या जून महिन्यात अमेरिकेतील व्हाइट सँड्स येथून सोडलेल्या एका अग्निबाणावरील गणकांनी वृश्चिक राशीच्या दिशेने येणारे तीव्र क्ष-किरण टिपले. रिकार्दो जिआकोनी आणि त्यांचे सहकारी वस्तुतः चंद्राकडून येणाऱ्या क्ष-किरणांच्या शोधात होते. मिळाले ते निराळेच. सूर्याखेरीज अन्य तारा क्ष-किरण देतो याचा तो पहिला दाखला. मात्र अग्निबाण वातावरणाच्या वर राहतो तो मोजक्या मिनिटांपुरता, आणि एवढ्या अवधीत एखादा स्रोत आहे किंवा नाही हे समजले तरी तो दिवसरात्र काय करतो हे समजण्याचा संभव नसतो. ती अडचण १२ डिसेंबर १९७० रोजी केनियाच्या किनाऱ्याजवळच्या सागरी तळावरून सोडलेल्या ‘उहुरू’ या उपग्रहाने दूर केली. केवळ क्ष-किरणांच्या निरीक्षणासाठीच पाठविलेला तो पहिला उपग्रह, आणि त्याच्या दप्तरातील सर्वांत मोलाचा कागद माझ्या मते नरतुरंग समूहातील ‘सेंटॉरस एक्स-३’ या स्रोताचा आहे.

हा स्रोत पनवेलच्या दक्षिण क्षितिजावर फार तर दहा अंश चढतो, म्हणजे वसंतातल्या रात्री तो कर्नाळ्याच्या डोंगराच्या बाजूला जेमतेम वर येऊन मावळतो. १९७१ च्या आरंभी उहुरूला असे आढळले की, त्याच्या क्ष-किरणांची तीव्रता दर ४.८४ सेकंदांनी स्पंद पावते. एवढ्या वेगाने स्वतःभोवती फिरूनही फुटून न जाणारी वस्तू फार घन असली पाहिजे, हे उघड होते. पण पुढे दोन चमत्कारिक गोष्टी ध्यानात आल्या. एक तर तो स्रोत ठराविक मुदतीने जवळजवळ नाहीसा होई व काही तासांनी पुन्हा प्रकट होई. आणि दुसरी म्हणजे, त्या ४.८४ सेकंदांच्या स्पंदांतले अंतर कायम नसून ते क्रमाक्रमाने किंचित कमी, मग किंचित अधिक, पुन्हा कमी असे बदलत असे. या दोन्ही बदलांचे चक्र एकच निघाले: २.०८७ दिवस. १९७२ साली एथन श्रायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निष्कर्ष जाहीर केला की, हा एक न्यूट्रॉन तारा असून तो एका प्रचंड सोबत्याभोवती फिरत आहे, आणि प्रत्येक फेऱ्यात तो सोबत्याच्या मागे दडतो.

पनवेल हे जुने बंदर असल्यामुळे एक दृष्टांत देतो. समजा, दूर समुद्रावरील गलबतातून एक मनुष्य दररोज ठरल्या वेळी एकेक पत्र होडीने किनाऱ्याकडे धाडतो. गलबत किनाऱ्याकडे येत असेल तर प्रत्येक पत्राला आदल्या पत्रापेक्षा थोडा कमी प्रवास पडेल आणि पत्रे एका दिवसाहून कमी अंतराने हाती येतील; गलबत दूर जात असेल तर उलट घडेल; आणि किनाऱ्यावरचा कारकून केवळ आवक-बारनिशीतल्या वेळा पाहून, गलबत डोळ्यांनी न पाहताही, ते कधी येत होते, कधी जात होते आणि किती वेगाने, हे सारे लिहून देऊ शकेल. सेंटॉरस एक्स-३ चे स्पंद ही तशीच पत्रे आहेत. जोडीच्या मध्यापासून पाहता ती सर्वांत उशिरा आली म्हणजे ३९.७ सेकंद उशिरा येतात आणि सर्वांत लवकर आली म्हणजे तितकीच लवकर. याचा अर्थ असा की, आपल्या दृष्टिरेषेत मोजलेली त्या कक्षेची त्रिज्या ३९.७ प्रकाश-सेकंद, म्हणजे सुमारे एक कोटी एकोणीस लक्ष किलोमीटर आहे आणि ताऱ्याचा वेग सेकंदाला सुमारे ४१५ किलोमीटर आहे. न्यूटनच्या नियमात हे दोन आकडे घालताच निघते की, सोबती आपल्या सूर्याच्या पंधरा पटींहून हलका असूच शकत नाही. पुढे १९७४ साली पोलिश ज्योतिर्विद क्रेमिन्स्की यांनी दुर्बिणीतून तो निळा, तप्त तारा ओळखून दाखविला.

येथपर्यंत ग्रहणाची आवश्यकता नव्हती, केवळ घड्याळाची होती. ती आवश्यकता पडते ती पुढच्या पायरीवर. कक्षा आपल्याकडे किती कललेली आहे हे कळल्यावाचून वस्तुमानाला खालची मर्यादा घालता येते, पण खरे वस्तुमान हाती येत नाही. कारण तिरप्या कक्षेतला मोठा वेग आणि सरळ कक्षेतला छोटा वेग आपल्या उपकरणाला सारखेच भासतात. ज्या जोड्यांना ग्रहण लागत नाही, त्यांच्या बाबतीत ही संदिग्धता निरनिराळ्या अनुमानांनी सोडवावी लागते आणि पुष्कळदा वादग्रस्त राहते. ग्रहण लागले की, कल फार कमी असू शकत नाही हे आपोआप ठरते. आणि ग्रहण किती काळ टिकते यावरून, सोबत्याचा आकार व कक्षेचा कल यांचा परस्परसंबंध बांधला जातो. सेंटॉरस एक्स-३ सुमारे दोन दिवसांच्या फेऱ्यापैकी पाचवा हिस्सा अंधारात असतो. त्यावरून सोबत्याची त्रिज्या सूर्याच्या सुमारे बारा पट निघते आणि न्यूट्रॉन ताऱ्याचे वजन सुमारे दीड सूर्य. ‘वेला एक्स-१’ या, नऊ दिवसांना थोड्या कमी मुदतीने फिरणाऱ्या जोडीतील न्यूट्रॉन ताऱ्याचे त्याहून बरेच अधिक, सुमारे पावणेदोन सूर्य. आपण एखादी वस्तू नीट पाहावी म्हणून आडपडदा दूर करतो. येथे आडपडद्यावाचून मोजमापच अपुरे राहते.

हे क्ष-किरण येतात कोठून, हेही थोडक्यात सांगावे लागेल. न्यूट्रॉन तारा म्हणजे सूर्याहून अधिक द्रव्य, दहा-बारा किलोमीटर त्रिज्येच्या गोळ्यात कोंबलेले. अलिबाग ते पनवेल या अंतराच्या निम्म्याहून कमी व्यासात तो सारा मावेल. अशा पिंडावर पडणाऱ्या द्रव्याची दहाव्या हिश्शाहून अधिक वस्तुमान-ऊर्जा किरणरूपाने बाहेर पडते; उलट हायड्रोजनचे हीलियम होताना शंभरात ०.७ हिस्साच मोकळा होतो. शिवाय पुष्कळशा अशा ताऱ्यांचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या लक्षकोटींच्या घरात असल्यामुळे पडणारे द्रव्य सर्वत्र न पसरता दोन चुंबकीय ध्रुवांवर नेऊन टाकले जाते. तेथील तप्त ठिपके फिरताना आपल्यासमोर येतात व जातात, आणि तेच ते ४.८४ सेकंदांचे स्पंद.

ग्रहणाच्या कडा मात्र मला मध्यभागाहून अधिक बोलक्या वाटतात. जड व तप्त सोबत्यापासून सतत वायूचा झोत वाहत असतो. त्यामुळे न्यूट्रॉन तारा त्याच्या कडेशी आला की, क्ष-किरण एकदम नाहीसे न होता प्रथम मृदू म्हणजे कमी ऊर्जेचे, मग कठोर म्हणजे अधिक ऊर्जेचे अशा क्रमाने क्षीण होत जातात, आणि त्या क्षीणतेच्या मोजणीवरून त्या वाऱ्याची घनता किती उंचीवर किती आहे हे काढता येते. पूर्ण ग्रहणातही संपूर्ण अंधार नसतो. भोवतालच्या वायूवर आपटून वळलेले क्ष-किरण तेवढ्या वेळात आपल्याकडे येत राहतात, लोहाची प्रकाशरेषा तर थेट प्रकाश झाकला गेल्यामुळेच अधिक उठून दिसते, आणि एरवी झगमगाटात हरवणारा तो सारा परिसर अभ्यासाला मोकळा मिळतो. याच्या उलट १९८५ साली सापडलेला ‘एक्सो ०७४८-६७६’ हा स्रोत: त्याचा सोबती हलका, लहान, जवळजवळ वाऱ्याविना, दर ३.८२ तासांनी येणारे ग्रहण सव्वाआठ मिनिटांचे, आणि त्याची सुरुवात व शेवट काही सेकंदांतच आटोपणारे. अशा तीक्ष्ण कडांच्या ग्रहणाची वेळ फार काटेकोरपणे टिपता येते. म्हणूनच त्या जोडीची फेऱ्याची मुदत काही सहस्रांश सेकंदांनी अकस्मात बदलते ही विलक्षण गोष्ट उघडकीस आली, आणि त्यासाठी सोबत्याच्या चुंबकीय हालचालींकडे बोट दाखविले जाते.

सेंटॉरस एक्स-३ ची गोष्ट याहून सावकाश आणि माझ्या दृष्टीने अधिक भारदस्त आहे. त्याची कक्षा आकुंचित होत आहे. दर वर्षी फेऱ्याची मुदत सुमारे दशलक्षांश १.८ या प्रमाणात घटते. म्हणजे एका वर्षात सेकंदाच्या एक तृतीयांशाइतकी. एवढ्याशा फरकाला कोण विचारतो, असे वाटेल. परंतु मुदतीतील घट दर फेऱ्यागणिक जमा होत असल्यामुळे आणि जमा होण्याचा वेगही वाढत असल्यामुळे, पन्नास वर्षांपूर्वीची मुदत कायम धरून आज कोणी या ग्रहणाचे पंचांग मांडले तर त्याचे उत्तर जवळजवळ वीस तासांनी चुकेल, आणि खुद्द ग्रहण तर त्याच्या निम्म्याच वेळाचे असते! उहुरूच्या काळचा जमाखर्च आणि आजचा जमाखर्च यांतील ही तफावत केरूनानांना परिचित वाटली असती. तिचे कारण म्हणून भरती-ओहोटीच्या जातीची ओढ सांगितली जाते: मोठा तारा जवळच्या पिंडाने ताणला जातो, त्याच्या भ्रमणाचा व कक्षेचा मेळ बसता बसता कक्षेतील कोनीय संवेग खर्ची पडतो. धाकट्या मॅगेलन मेघातील ‘एसएमसी एक्स-१’ ही जोडी तर याच्या दुप्पट गतीने आकुंचते, आणि वेला एक्स-१ मध्ये मात्र अशी घट मोजण्यात आलेली नाही. अशा नोंदी पन्नास वर्षे ठेवणे हे काम फारसे चमकदार नाही. कृष्णविवराच्या चित्रावर वृत्तपत्रे पाने खर्ची घालतात. ग्रहणाच्या तारखांची यादी मात्र कोणी छापीत नाही, आणि तरीही या शास्त्रातील भरवशाची मालमत्ता बहुतांशी अशा याद्यांतच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या देशाचा या उद्योगातील हिस्सा जुना आहे. तिरुवनंतपुरमजवळचे थुंबा हे अग्निबाण सोडण्याचे ठिकाण विक्रम साराभाईंच्या बरोबरीने शोधणाऱ्यांत कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते. ते व उडुपी रामचंद्र राव यांनी साठीच्या दशकात तेथून अग्निबाणांवर क्ष-किरणांची उपकरणे पाठविली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बी. व्ही. श्रीकांतन यांच्या नेतृत्वाखाली १९६८ पासून हैदराबादेहून बलून सोडून निरीक्षणे सुरू झाली. बलून वर चढते ते सुमारे चाळीस किलोमीटर. तेथवर मृदू क्ष-किरण पोहोचत नाहीत, कठोर मात्र पोहोचतात. येथे नवीन पनवेलच्या संस्थेच्या शास्त्राचा पहिला संबंध येतो: हैदराबाद भूचुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ असल्यामुळे पृथ्वीचे क्षेत्र विश्वकिरणांतील बराचसा भारित लोंढा तेथे येऊच देत नाही, आणि ज्या गणकाला खऱ्या क्ष-किरणांत खोट्या नोंदींची भेसळ नको असते, त्याला इतकी स्वच्छ जागा उत्तरेकडच्या देशांत सहजी मिळत नाही. त्या बलून-वर्षांविषयी मराठीत फार थोडे लिहिले गेले आहे. रात्री बलून फुगविणे, पहाटेच्या वाऱ्याची वाट पाहणे, मग ते खाली कोठे पडेल तेथील शेतातून उपकरण परत आणणे, यांत शास्त्राइतकीच चिकाटी खर्च होत असे.

१९ एप्रिल १९७५ ला सोव्हिएत भूमीवरून गेलेल्या ‘आर्यभट’वर क्ष-किरणांचे उपकरण होते, वीजपुरवठ्याच्या बिघाडाने ते चारपाच दिवसांतच बंद करावे लागले. २१ मार्च १९९६ ला गेलेल्या दूरसंवेदन उपग्रहावर मुंबईकरांचे गणक पाहुण्यासारखे बसून गेले व त्यांनी बरेच काम केले. आणि २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ निघाला, जो या कामासाठीच बांधलेला होता. त्यावरील ‘लॅक्सपीसी’ नावाचे झेनॉन वायूने भरलेले तीन मोठे गणक आणि मृदू क्ष-किरणांची दुर्बीण कुलाब्याच्या त्याच टोकावरच्या टाटा संस्थेत घडविली गेली, जेथे दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी केरूनाना आकाश पाहत होते. निरीक्षकांना साहाय्य करणारे केंद्र, जयंत नारळीकरांनी १९८८ साली स्थापन केलेल्या पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संस्थेत आहे. लॅक्सपीसी प्रत्येक क्ष-किरणाची वेळ दहा मायक्रोसेकंदांपर्यंत लिहून ठेवते. एका गणकातून पुढे वायू गळू लागून तो २०१८ साली बंद करावा लागला, पण तोवर सेंटॉरस एक्स-३ सारख्या जोड्यांची निरीक्षणे जमा झाली होती. दुसरा संबंध येथे: उपग्रहाची कक्षा विषुववृत्ताशी अवघ्या सहा अंशांनी कललेली, सुमारे ६५० किलोमीटर उंचीची ठेवण्यात आली, कारण दक्षिण अटलांटिकवर पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र क्षीण असून भारित कण तेथे खाली उतरतात, आणि त्या प्रदेशातून जाताना गणक मिटून ठेवावे लागतात, कल कमी ठेवल्याने तेथे जाणारा वेळ कमी होतो.

शेवटी एका मराठी संशोधकाच्या कामाचा तपशील देतो, कारण त्यात या साऱ्या पद्धतीचे सामर्थ्य व तिची मर्यादा एकाच ठिकाणी दिसतात. वरुण भालेराव हे आज मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्राध्यापक आहेत. त्याआधी त्यांनी आयुकात अ‍ॅस्ट्रोसॅटच्या कठोर क्ष-किरणांच्या उपकरणावर काम केले, आणि त्याहीआधी कॅलिफोर्नियात संशोधक विद्यार्थी असताना त्यांनी आपल्या आकाशगंगेबाहेरची एक ग्रहणकारी जोडी निवडली. ती त्रिकोण समूहातील एम-३३ या दीर्घिकेत आहे, म्हणजे सुमारे सत्तावीस लक्ष प्रकाशवर्षांवर. क्ष-किरणांच्या नोंदींतून ग्रहण व १.७३ दिवसांची मुदत ठाऊक होती. क्ष-किरणांचे स्पंद मात्र सापडले नव्हते, त्यामुळे गलबतावरची पत्रे येथे उपलब्ध नव्हती. मग उलट बाजूने जाणे प्राप्त होते: मोठ्या, दिसणाऱ्या ताऱ्याच्या प्रकाशातील रेषा हवाई बेटावरील केक दुर्बिणीने निरनिराळ्या रात्री टिपायच्या, आणि तो आपल्याकडे किती वेगाने हेलकावतो हे काढायचे. तापमान बावीस-तेवीस हजार अंश, त्रिज्या सूर्याच्या सुमारे नऊ पट, वस्तुमान अकरा सूर्य, असा तो तारा ठरला. त्याच्या हेलकाव्याचा वेग निघाला सेकंदाला ६३ किलोमीटर; आणि ग्रहणाने कक्षेचा कल आवाक्यात आणल्यामुळे, दडणाऱ्या पिंडाचे वजन आले दोन सूर्य, चुकीची मर्यादा शून्य दशांश चार. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या निबंधाने वेला एक्स-१ च्या जड न्यूट्रॉन ताऱ्याला एक संभाव्य सोबती मिळवून दिला. पुष्कळशा स्पंद देणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या बाबतीत आढळणाऱ्या १.४ सूर्य या आकड्याहून दोनाचा हा आकडा बराच वर आहे, आणि न्यूट्रॉनांचा गोळा किती वजनापर्यंत तग धरतो या प्रश्नाच्या उत्तरात असे जड तारेच निर्णायक ठरतात.

आता गुरुजींच्या विद्यार्थ्यांसाठी एक छोटा हिशेब. ६३ या वेगाला चुकीची मर्यादा होती १२, म्हणजे शेकडा एकोणीस, वजनाच्या २.० ला मर्यादा होती ०.४, म्हणजे शेकडा वीस. अर्थात वजनातील जवळजवळ सगळा संशय त्या एका वेगातून आलेला आहे. कक्षेच्या कलाचा प्रश्न ग्रहणाने आधीच बव्हंशी मिटविला होता. तो संशय निम्म्यावर आणायचा, तर चुकीचे प्रमाण निरीक्षणांच्या वर्गमुळाप्रमाणे घटत असल्यामुळे, त्याच दुर्बिणीवर पहिल्यापेक्षा चौपट वेळ मिळाला पाहिजे. आणि दुर्बिणीचा वेळ वाटून देणाऱ्या समितीपुढे अशा अर्जांची नेहमीच रांग लागलेली असते.